अख्खी भेंडी कुणाला आली?

आमच्या गल्लीत सत्तावीस सप्टेंबरला लोक मान खाली घालून जेवतात. भक्तीनं नव्हे. ताटात भेंडी शोधत असतात.

"तुला आली?"

"छे गं. तुला?"

"मला कशाला येतेय!"

"मग तो घास एवढा वेळ काय चघळतेस?"

हे जेवण कारुरूचं. भेंडी कणीसारखी बारीक चिरायची, सुकट, शेंगदाणे, काजू, आलं, कांदा वाटून तिच्यात घालायचा आणि तांबड्या पामतेलात सगळं घोटत राहायचं. जुळ्या संतांचा हा नैवेद्य. चर्चमध्ये त्यांना कोस्मे आणि दामियाँव म्हणतात. आमच्या पणज्या गुलाम म्हणून जहाजाच्या पोटातून आल्या तेव्हा इबेजी म्हणत आल्या होत्या. घरात दोन्ही नावं चालतात. आधी सात पोरांना चटईवर बसवून एका परातीतून खाऊ घालायचं, मग गल्लीला. आणि गल्लीसाठीच्या पातेल्यात एकच भेंडी अख्खी सोडायची, देठासकट. ती ज्याच्या ताटात निघेल त्यानं पुढच्या वर्षीचं कारुरू घालायचं.

म्हणून कारुरू सगळ्यांना हवं असतं आणि भेंडी कुणालाच नको असते.

माझ्या आठवणीत तरी ती कधी कुणाला आलेली नाही. दरवर्षी जेवणं उरकली की झुइतामावशी संतांच्या मूर्तींच्या फळीपुढं उभी राहून विचारायची, "कुणाला आली?" सगळे एकमेकांकडे बघायचे. कुणाला आली नाही म्हणजे कारुरू त्याच घरी राहिलं. नियमच तसा. मावशी "बरं" म्हणायची आणि पातेली घासायला घ्यायची.

भेंडी मात्र तिला नंतर सापडायची. एका वर्षी तिनं जिवापाड जपलेल्या पुदिन्याच्या कुंडीत पुरलेली. एका वर्षी कागदी रुमालात, नीट चौकोनी घडी घालून, खुर्चीखाली. एकदा वाल्दोमिरो न्हाव्याच्या शर्टाच्या खिशाला हिरवा ओलसर डाग दिसला. "शाई गळली," तो म्हणाला.

"न्हाव्याला शाई कशाला लागते रे?" मावशीनं विचारलं.

"हिशेब लिहायला."

"सांडलेल्या केसांचा?"

तो हसला, तीही हसली, आणि पुढच्या सप्टेंबरात पुन्हा तीच भेंडीची टोपली घेऊन बसली.

तिचं पूर्ण नाव एदेलझुइता. आख्खं साओ फेलिक्स गाव तिला दोना झुइता म्हणतं, म्हणजे झुइताबाई. आम्ही भिंतीला भिंत लागून राहणारी, म्हणून मावशी. पाराग्वासू नदीच्या आमच्या काठाला पूर्वी सिगारचे कारखाने होते. मावशी लग्नाआधी एका कारखान्यात शिरली ती कारखाना बंद पडल्यावरच बाहेर आली. दिवसभर तंबाखूचं पान ताणायचं, वळायचं, चिकटवायचं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ झालीय.

"हा अंगठा माझा नव्हे," ती म्हणायची. "कारखान्याचा आहे. जाताना न्यायचा विसरले."

ती जुळ्यातली. दुसरी एदेलझिना. झिना लहानपणीच तापानं गेली. त्या तापात झुइताही होती. आईनं संतांच्या पायाशी डोकं टेकून सांगितलं, दोन दिल्यात, दोन्ही नका नेऊ. एक ठेवलीत तर जन्मभर जेवू घालीन. एक राहिली. आई होती तोवर आईनं घातलं, मग आईची पळी मावशीच्या हातात आली. म्हणजे मावशी दरवर्षी भेंडी चिरत होती ती स्वतः जगल्याबद्दल. नवरा गेला त्या वर्षी चिरली, कारखाना गेला त्या वर्षी चिरली, डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी हिरवी पट्टी बांधून एका डोळ्यानं चिरली.

"बंद करून टाका ना," मी एकदा म्हटलं. मी दरवर्षी तिच्याबरोबर चिरायला बसते, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे असं मला वाटायचं.

"बंद करायला मी कोण? झिना उद्या भेटली आणि म्हणाली, तू जेवलीस आणि मला उपाशी ठेवलंस, तर काय सांगू? अंगठा दुखत होता?"

"मग कुणाच्या तरी ताटात मुद्दाम वाढा ती भेंडी. वाल्दोमिरोच्या. पळी तर तुमच्याच हातात असते."

"वाढणारीनं बघायचं नसतं." सुरी थांबली नाही. "संतांशी पत्ते खेळताना आपणच पत्ते पिसायचे आणि आपणच चोरायचे?" मग थोड्या वेळानं, भेंडीशीच बोलावं तसं ती म्हणाली, "मला बंद नाही करायचं गं. एक वर्ष हवंय. एक सप्टेंबर दुसऱ्या कुणाच्या अंगणात, खुर्चीवर. कुणीतरी ताट आणून द्यावं आणि मी म्हणावं, मीठ कमी आहे."

एवढंच तिचं मागणं होतं. संतांनाही ती तेवढंच मागायची, मी ऐकलंय.

आणि दोना क्रिस्पिनाचं सांगायला हवं. क्रिस्पिना पुलाच्या तोंडाशी चवळीचे वडे तळते. पांढरा घेरदार झगा, डोक्याला पांढरं फडकं, आणि जीभ अशी की तेल आपोआप तापावं. एके काळी ती आणि मावशी एकाच बाकावर सिगार वळायच्या. काही वर्षांपूर्वी भेंडी क्रिस्पिनाला आली. तिनं ती हळूच टेबलाखाली कुत्र्यापुढं टाकली. कुत्र्यानं हुंगली आणि तोंड फिरवलं. मावशी दारात उभी राहून बघत होती. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात भरपूर, पण माझ्यामार्फत.

"तुझ्या मावशीला सांग," क्रिस्पिना मावशीच्या समोर उभी राहून मला म्हणायची, "यंदा आलं कमी पडलंय."

"तिला सांग," मावशी मला म्हणायची, "कुत्र्याला विचार, तो जाणकार आहे."

या वर्षी मावशी आधीपासूनच दमलेली होती. नदीवरून दमट वारा येत होता आणि गाठ सुजली होती. सव्वीस तारखेला दुपारी आम्ही बसलो. भेंडी धुऊन, एकेक पुसून ठेवलेली. शेंडा उडवायचा, उभा छेद, आडवा छेद, मग धरून बारीक कापत जायचं. बोटं चिकट होतात, सुरी चिकट होते, केस मागे सारले की कपाळ चिकट. तासभरानं मावशीची सुरी निसटली. तिनं उचलली. पुन्हा निसटली. मग तिनं ती उचललीच नाही. मांडीवर हात उताणा ठेवून ती त्याच्याकडे बघत बसली, दुसऱ्याचं मूल सांभाळायला घेतलं आणि आता ते परत न्यायला कुणी येईना, तसं.

"टोपली अर्धीच झालीय," मी म्हटलं.

"दिसतंय मला."

तेवढ्यात दार ढकलून तिची भाची आत आली. जुसेलिया, मावशीच्या भावाची मुलगी. साल्वादोरच्या एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी आहे. बसनं आली होती. डोळ्यांखाली काळं, हातात जड पिशवी.

"आशीर्वाद दे, आत्या."

"देव देईल. पिशवीत काय आहे? मूल?"

"मशीन आहे. कापायचं."

"काय कापायचं?"

"सगळं."

मावशी मशीनकडे नाही, भाचीकडे बघत राहिली. "झोपतेस का गं तू कधी?"

"सोमवारी. सुट्टी नाही घेतलेली, आत्या, अदलाबदल केलीय. परवा दोन पाळ्या आहेत. बाबा म्हणाले तुझा हात चालत नाही, म्हणून आले." तिनं माठातलं पाणी उभ्यानंच प्यायलं. "बसत नाही आता. बसले तर उठणार नाही."

ती चिरायला लागली, तीही पटापट, पण चिरता चिरता तिची मान खाली जायची आणि दचकून वर यायची. तिला जागं ठेवायला मी हॉटेलाबद्दल विचारत राहिले.

"कारुरू असतं का तुमच्याकडे?"

"असतं ना. एवढ्याशा काचेच्या पेल्यात. वर काजूचा फेस, कडेला साबुदाण्याचा पापड खोचलेला. आणि वातापा भाताच्या गुंडाळीत भरून देतो, जपानी पद्धतीनं."

वातापा म्हणजे पाव, शेंगदाणे, सुकट आणि नारळाचा रस घोटून केलेला दाट पिवळा लगदा. तो गुंडाळीत कसा राहतो हे मला कळेना.

"लोक खातात?" मावशीनं विचारलं.

"आधी फोटो काढतात. मग खातात."

"तोवर गार होतं."

"गारच असतं, आत्या."

"पोट भरतं?"

"पोट भरायला कुणी येत नाही तिथं."

"तू काय जेवतेस तिथं?" मावशीनं विचारलं.

"पाव. उभ्यानं. कचऱ्याच्या डब्याशेजारी."

सत्तावीस तारखेला सकाळी मावशीला मूठच वळेना. पाव टोपली अजून शिल्लक होती, शिवाय कुणीतरी नवस म्हणून आणखी एक पिशवी दारात ठेवून गेलेली. कोंबडी शिजायची होती, चवळी शिजायची होती, मक्याच्या लाह्या फोडायच्या होत्या, उसाचे करवे सोलायचे होते, पिकली केळी तळायची होती. मावशीनं टोपलीतून एक भेंडी निवडली, कोवळी, सरळ, न वाकलेली. ती बशीत ठेवली आणि बशी मोरीजवळच्या खिडकीत. दरवर्षी तिथंच ठेवते.

"आत्या, तू जा. पड जरा," जुसेलिया म्हणाली.

"आजच्या दिवशी?"

"आजच्या दिवशीच. मी आहे ना."

मावशी उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. मग खोलीत गेली. भिंतीआडून खाट करकरल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. मी अंगणात नारळ खवत होते. आतून मशीन गुरगुरलं. कुत्रा भुंकला. मशीन थांबलं, पुन्हा गुरगुरलं. मला वाटलं, चला, एकदाची सुटली बिचारी. खोटं कशाला सांगू, माझीही बोटं सुटली होती.

मावशी उठली तेव्हा कारुरू चुलीवर होतं. ती पातेल्यावर वाकली.

"हे काय?"

"कारुरू."

"ही पेज आहे. आजारी माणसाची." तिनं पळी उचलली. हिरवी तार पळीपासून पातेल्यापर्यंत लांबली, तुटेचना. वर फेस धरलेला. हातानं चिरलेली भेंडी दाताला लागते. मशीननं तिचं पाणी करून टाकलं होतं.

"लिंबू पिळलंय. बसेल तार," जुसेलिया म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "चव तरी बघ."

मावशीनं तळहातावर थेंब घेऊन चाटला. "चव आहे," ती म्हणाली. "चवीला तू माझ्या आईवर गेलीस. पण दात कुठं लावायचा?" एरवी तिनं यावर तासभर भांडण केलं असतं. या वेळी तिनं पळी परत दिली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

पोरं आली, चटईवर बसली, परातीत हात घालून जेवली, तोंडं पिवळी करून पळाली. मग गल्ली जमली. मी ताटं मांडत होते. जुसेलिया वाढायला पळी उचलणार, तेवढ्यात मावशी खिडकीकडे गेली.

"बशीतली भेंडी कुठाय?"

"कुठली बशी?"

"ही."

जुसेलियानं रिकाम्या बशीकडे पाहिलं. मी तिचा चेहरा उतरताना पाहिला, आधी डोळे, मग तोंड. "आत्या... मला वाटलं चिरायची राहिली. हॉटेलात एक दाणा जरी ओट्यावर उरला तरी वरचे अंगावर येतात. मी ती... मी सगळीच टाकली."

"मशीनमध्ये."

"मशीनमध्ये."

टोपली रिकामी होती. पिशवीही. अंगणात माणसं ताटं धरून उभी होती आणि घरात अख्खी भेंडी एकही नव्हती.

मावशी स्टुलावर बसली. रागावली नाही, हेच वाईट होतं. माणूस रिकामी बस निघून जाताना बघतं, तशी ती पातेल्याकडे बघत होती. या वर्षी भेंडी कुणाला येऊच शकत नव्हती. कुणी लपवायचीही गरज नव्हती. आणि कुणाला आली नाही, तर कारुरू पुन्हा तिचंच.

"मी बाहेर जाऊन सांगते," जुसेलिया म्हणाली. "माझी चूक आहे. पुढच्या वर्षीचं मी घेते."

"कुठं घेशील? साल्वादोरच्या त्या खोलीत? खाट भिंतीला उभी केल्याशिवाय तुला चूल पेटवता येत नाही."

"काहीतरी करीन."

"सोमवारी ना? झोपेतून उठून?" मावशीनं तिच्या गालाला हाताची मागची बाजू लावली; पुढची चिकट होती. "वाढ. लोक ताटकळलेत."

"आणि सांगायचं नाही?"

"जेवू दे त्यांना. भुकेल्या माणसाला नियम सांगू नये."

लोक जेवायला बसले आणि दरवर्षीचं नाटक सुरू झालं. फक्त आत तिघींना ठाऊक होतं की रंगमंचावर मुख्य पात्रच नाही. वाल्दोमिरो काट्यानं कारुरू नांगरत होता, शेतात बॉम्ब पुरलाय अशा काळजीनं. त्याच्या बायकोनं चवळीचा दाणा लागला म्हणून छातीवर हात ठेवला. कुणी घास गालात धरून जिभेनं चाचपत होतं.

"यंदा गुळगुळीत झालंय," कुणीतरी म्हणालं.

"बरंच आहे की, लगेच समजेल."

दारातून बघता बघता मावशीला हसू आलं. आवाज नाही, नुसते खांदे हलले. मग तिनं अॅप्रनचं टोक डोळ्याला लावलं, आणि ते हसण्यानंच होतं की नाही हे मला सांगता येणार नाही.

ताटं रिकामी झाली. बोलणी मंदावली. सगळ्यांच्या नजरा फळीकडे, मावशीकडे. विचारणं भागच होतं; न विचारता कारुरू संपत नाही. मावशी गेली, मेणबत्तीची वात सरळ केली, आणि लोकांकडे वळली. इतकी वर्षं ती ताठ उभी राहून विचारायची. या वेळी तिनं फळीला हात टेकला.

"कुणाला आली?"

वाल्दोमिरोनं दोन्ही हात वर केले, पोलिसांपुढं करावेत तसे. "मला नाही. देवाशपथ. या वर्षी खरंच नाही."

"म्हणजे मागच्या वर्षी आली होती?" त्याची बायको म्हणाली.

लोक हसले. मावशी थांबली होती. "बरं" म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"तुझ्या मावशीला विचार," मागून आवाज आला. क्रिस्पिना. ती भिंतीजवळच्या बाकावर बसली होती, पांढरा झगा पसरून, ताट मांडीवर. ती माझ्याकडे बघत होती, नेहमीसारखी. "विचार, हे काय वाढलं तिनं आज?"

"कारुरू," मी म्हटलं.

"हे? अगं, हे प्यायचं की गाळायचं? माझ्या दातांना वाटलं, आज उपास." तिनं ताट तिरकं करून सगळ्यांना दाखवलं. "कुणी केलं? ती साल्वादोरवाली? चव बरी आहे पोरीच्या हाताला, नाही म्हणत नाही. पण पुढच्या वर्षी हे इथंच राहिलं तर काय मिळेल आपल्याला? पेला! वर पापड खोचून!"

जुसेलियानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी नव्हतं सांगितलं. या गल्लीत भिंतींना कान नाहीत, भिंती बोलतातच.

"तर मग," क्रिस्पिना म्हणाली आणि उठली. गुडघ्यावर हात रोवून, एक पाय, मग दुसरा. सकाळपासून तीही कढईपुढं उभी होती. "मला आली."

"काय आली?" वाल्दोमिरो.

"सर्दी! अरे, भेंडी आली. अख्खी. कान कापून ठेवलेस का दुकानात?"

सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले.

"दाखव," वाल्दोमिरो म्हणाला.

"खाल्ली. तुझ्यासारखा खिसा नाही माझ्या झग्याला."

"पण आत्या," जुसेलिया कुजबुजली, "भेंडी तर..." मावशीनं न बघता तिचं मनगट धरलं आणि ती गप्प झाली.

मावशी फळीपासून दोन पावलं पुढं आली. ती माझ्याकडे वळली नाही. इतक्या वर्षांत प्रथमच ती सरळ क्रिस्पिनाकडे बघत होती.

"कशी होती?"

"कशी म्हणजे?" क्रिस्पिनाही तिच्याचकडे बघत होती. "भेंडीसारखी. कोवळी." जरा थांबून, पुरावा द्यावा तसं ती म्हणाली, "देठ काढलेला होता."

अख्ख्या भेंडीचा देठ काढत नाहीत. गल्लीतलं शेंबडं पोरही हे सांगेल. बसलेल्यांपैकी प्रत्येकाला ते ठाऊक होतं, आणि अर्ध्यांनी तर तो देठ स्वतःच्या बोटांनी धरून पाहिलेला होता. मला वाटलं आता वाल्दोमिरो बोलणार. त्यानं आपल्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं आणि काट्यानं त्यावर रेघ ओढत राहिला. त्याची बायको आकाशाकडे बघायला लागली. एकजण खोकला, पण तो खराच खोकला होता.

मी मावशीकडे पाहिलं. संतांशी पत्ते चोरायचे नाहीत म्हणणारी ती. तिच्या मागं मेणबत्ती जळत होती. जुळे संत बाहुल्यांसारखे गोल डोळ्यांनी अंगणभर बघत होते.

मावशीनं एकदा मागं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी तुझ्याकडे."

"माझ्याकडेच. आणि माझ्या दारात मशीन आणायचं नाही कुणी. हातानं चिरायची." क्रिस्पिनाचा आवाज पुन्हा पुलावरचा झाला. "तूसुद्धा यायचं नाहीस चिरायला. तुझा हात गेलाय, भेंडी जाड पडते. मला लोकांची बोलणी नकोत. जेवायला ये."

"मीठ नीट घाल," मावशी म्हणाली.

"खारट करीन. मुद्दाम."

कुणीतरी टाळी धरली. वाल्दोमिरोनं ताट उलटं करून त्यावर काट्यानं ठेका घेतला, बायकांनी फेर धरला, आणि अंगणातल्या खुर्च्या भिंतीकडे सरकल्या. एक खुर्ची मी मावशीसाठी ओढली. ती बसली. बसली म्हणजे तिनं स्वतःला खाली सोडलं. खुर्चीनं कण्हल्यासारखा आवाज केला.

जुसेलिया ताट वाढून घेऊन आली. भात, चवळी, कोंबडी, तळलेली केळी, आणि मधोमध हिरवं-पिवळं कारुरू.

"नको गं," मावशीनं तोंड वळवलं. "दोन दिवस नाकात भेंडीच आहे. कॉफी उरलीय का?"

"आहे. गार."

"चालेल. आणि पाव बघ एखादा. वातापात घालून उरला असेल."

भाचीनं कप आणला, अर्धा पाव आणला, आणि स्वतः तिच्या पायाशी जमिनीवर बसली. बसली तशी तिची मान आत्याच्या गुडघ्याला टेकली आणि ती झोपली, तोंड उघडं टाकून. पण झोपू देईल ती क्रिस्पिना कसली. ती आली, जुसेलियाला खांद्याला धरून हलवलं आणि विचारलं की कारुरूत आलं किसून घातलं का वाटून.

"किसून," जुसेलिया डोळे न उघडता म्हणाली.

"किसून! ऐका! हिला हॉटेलात पगार देतात!"

"वाटलेलं कडू होतं."

"तुझ्या हातचं होत असेल!"

मावशीनं चपला काढल्या. सुजलेले पाय फरशीवर ठेवले, थंड होतं तिथं. पावाचा तुकडा कॉफीत बुडवला, तो मऊ होईपर्यंत थांबली, आणि खाल्ला. समोर बायका नाचत होत्या, कानाशी आल्यावरून भांडण चाललं होतं.

"हळू बोला गं," ती म्हणाली. पण ते कुणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं नाही.